मुलाजोगी बालवाडी

बालवाडीच्या हजेरीपटात जी नावे असतात ती सर्वांना दिसतात. जी नावे त्यात नसतात त्यांच्याविषयी मात्र दोन-तीन ठरीव वाक्येच ऐकू येतात. ‘तो एका जागी बसतच नाही.’ ‘तिला काही समजत नाही.’ ‘त्यांच्या घरात शिक्षणाची आवडच नाही.’ या तिन्ही वाक्यांत दोष मुलाकडे किंवा त्याच्या घराकडे जातो. बालवाडी मात्र निर्दोष राहते.

विज्ञानाच्या तासाला आपण असे करत नाही. कुंडीत लावलेले बी उगवले नाही, तर ‘बीच वाईट’ असे म्हणून थांबण्याआधी आपण माती पाहतो, पाणी पाहतो, ऊन पाहतो. एकेक गोष्ट बदलून काय फरक पडतो ते नोंदवतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत अशी तपासणी महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केली. अनुताईंची तर १९४५ ते १९९२ अशी सत्तेचाळीस वर्षे या एकाच कामात गेली. त्यांची चरित्रे आपल्यातील अनेकांना माहीत असतील. या लेखात आम्ही त्यांच्या कामाकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहणार आहोत. ‘मूल बालवाडीत येत नाही’ या अडचणीवर त्यांनी कोणते उपाय करून पाहिले आणि ते उपाय आज अपंगत्व असलेल्या मुलासाठी कसे उपयोगी पडतात, हे आपण पाहू.

दोन बायका आणि एक प्रश्न

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्या दाखल झाल्या. हे बालमंदिर १९२० साली सुरू झाले होते आणि तेथे माँटेसरी पद्धतीचे प्रयोग चालू होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. या शाळेत येणारी मुले बहुतांशी सुस्थितीतल्या घरची होती. जे तत्त्व सर्व बालकांसाठी आहे ते थोड्यांच्याच वाट्याला यावे, ही गोष्ट ताराबाईंना बोचत होती. म्हणून १९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

याच सुमारास अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचा जन्म १९१० मध्ये पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले. स्थिर नोकरी सोडून पस्तिसाव्या वर्षी त्या बोर्डीला गेल्या. १९५६ मध्ये केंद्राचे काम जवळच्या कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात हलवण्यात आले. १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या. त्यानंतरही अनुताईंनी हे काम शेवटपर्यंत चालवले.

चार अडथळे, चार बदल

बोर्डीतील पहिला अनुभव कोणत्याही गावात यावा तसाच होता. बालवाडी गावात उघडली. गावातली मुले आली, पण गावाबाहेरच्या दलित आणि आदिवासी वस्त्यांतली मुले आली नाहीत. कारणे शोधणे अवघड नव्हते. आई पहाटेच कामावर जायची आणि मुलाला पोचवायला घरी कोणी नसायचे. अंगावर धड कपडा नव्हता. आणि गावातल्या घरात शिरण्याची भीती तर पिढ्यानपिढ्यांची होती. मग बालवाडीच वस्तीत नेण्यात आली. एखाद्या घराचे अंगण सारवायचे, मुलांना तेथेच गोळा करायचे, नखे काढायची, हातपाय धुवायचे, गाणे म्हणायचे, गोष्ट सांगायची. ही अंगणात भरणारी वाडी म्हणजे अंगणवाडी. आज हा शब्द देशभर सरकारी कागदावर आहे. बदलली होती ती केवळ एक गोष्ट : जागा.

दुसरा अडथळा वेळेचा होता. कोसबादला पाच-सहा वर्षांचे मूलही रिकामे नसे. ते धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडे. त्याच्याहून थोडा मोठा मुलगा गुरांमागे जाई. अशा मुलाला ‘शाळेत ये’ म्हणणे म्हणजे ‘घरचे काम टाकून ये’ म्हणणे होते. यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे विकासवाडी. तीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या, म्हणजे ताई वर्गात, मधला भाऊ बालवाडीत आणि तान्हे पाळण्यात. दुसरा उपाय म्हणजे कुरणशाळा. गुरे जेथे चरतात तेथेच शिक्षकाने जायचे. गुरे चरत असताना गुराख्याला जो मोकळा वेळ मिळतो, तोच तासिकेचा वेळ.

तिसरा अडथळा साधनांचा होता. माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने सुंदर असली तरी महाग होती. शिवाय ती पाड्यावरच्या मुलाला परकी वाटत. मग साधन कोणते यापेक्षा ते काय शिकवते हे पाहिले गेले. लहानमोठे ओळखायचे असेल तर गोटे आणि शिंपले आहेत. रंग ओळखायला पाने, फुले, बिया आहेत. बोटांना वळण लावायला माती आणि गवत आहे. साधन बदलले, पण शिकण्याचे तत्त्व तेच राहिले.

चौथा अडथळा माणसांचा. शहरातली शिक्षिका चार दिवस येऊन परत जाते, आणि तिची भाषाही मुलांना परकी असते. म्हणून केंद्राने खेड्यांतल्या बालसेविकांचे प्रशिक्षण हाती घेतले.

जागा, वेळ, साधन आणि माणूस. प्रत्येक वेळी जे बदलले ते बालवाडीचे काहीतरी होते. मुलाने आधी स्वच्छ व्हावे, शांत बसायला शिकावे, प्रमाण मराठी बोलावी आणि मग यावे, अशी अट कधीच नव्हती. आज ज्याला समावेशक शिक्षण म्हणतात त्याचे सार एवढेच आहे.

हे साधन आले कोठून?

येथे थोडे मागे जाऊ. बालवाडीत मूल खरखरीत अक्षरावर बोट फिरवते, लहानमोठे दट्टे त्यांच्या त्यांच्या भोकांत बसवते, डोळे मिटून कापडाचा पोत ओळखते. ही साधने प्रथम कोणासाठी तयार झाली हे फारसे सांगितले जात नाही.

१८०० साली फ्रान्समध्ये आवेरों भागातील रानात सापडलेला, भाषा नसलेला एक मुलगा पॅरिसला आणला गेला. तेथील मूकबधिरांच्या संस्थेतील डॉक्टर इतार यांनी काही वर्षे त्याला शिकवण्याचा प्रयत्न केला. आधी स्पर्श, चव, ऐकणे ही इंद्रिये जागी करायची आणि मग भाषेकडे जायचे, असा त्यांचा क्रम होता. मुलगा बोलू लागला नाही, परंतु इंद्रियांच्या वाटेने शिकवण्याची दिशा मिळाली. इतार यांचे शिष्य सेगँ यांनी १८४० च्या सुमारास मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांसाठी या दिशेने बरीच साधने रचली. १९०० च्या सुमारास रोममध्ये तरुण डॉक्टर मारिया माँटेसरी अशाच मुलांच्या शाळेत काम करत होत्या. त्यांनी इतार आणि सेगँ यांचे लेखन अभ्यासले, साधने सुधारली आणि त्यांतली काही मुले लिहू-वाचू लागून सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी नवल केले. माँटेसरींना मात्र वेगळाच प्रश्न पडला : ही मुले एवढे करू शकतात, तर धडधाकट मुले शाळेत इतकी मागे का राहतात? त्यांना कोण अडवते?

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांत हुंदडणारी मुले हे त्यांचे विद्यार्थी. लाकडी अक्षरे स्वस्तात करून मिळेनात म्हणून खरकागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर डकवली गेली. ती अधिकच उपयोगी ठरली, कारण बोट अक्षराबाहेर गेले की त्वचेलाच कळते. चूक दाखवायला शिक्षकाची गरज उरत नाही.

रोमहून ही पद्धत जगभर पसरली, भावनगरला आली, तेथून दादरला आणि दादरहून बोर्डी-कोसबादच्या अंगणात. म्हणजे जे साधन आपण आज ‘सर्वसाधारण’ मुलाच्या हाती देतो, ते मुळात अपंगत्व असलेल्या मुलांबरोबर काम करताना घडले. अशी मुले बालवाडीत आली तर आपण त्यांच्यावर उपकार करत नाही. ज्यांच्यामुळे ही शाळा घडली त्यांना तिच्यात जागा देतो, इतकेच.

सहा वर्षांपर्यंत थांबता येत नाही

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. अपंगत्व असलेल्या मुलांच्या एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना त्याआधी, १९७४ मध्येच आली होती. पुढे १९९५ चा अपंग व्यक्तींसाठीचा कायदा आला, २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आला आणि २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. मात्र शिक्षणहक्काचे मुख्य कलम वयाच्या सहाव्या वर्षापासून लागू होते. निसर्ग सहाव्या वर्षापर्यंत थांबत नाही. दोन उदाहरणे पाहू.

पहिले कानाचे. जन्मतः ऐकू न येणारे बाळही सुरुवातीला इतर बाळांसारखेच आवाज काढते, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. परंतु स्वतःचा आणि इतरांचा आवाज कानी पडत नसल्याने बोबडे बोल पुढे सरकत नाहीत. भाषेचा पाया पहिल्या दोन-तीन वर्षांत घातला जातो. म्हणून पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय, असे वेळापत्रक तज्ज्ञ सुचवतात. उपाय म्हणजे केवळ यंत्र नव्हे. खुणांची भाषाही मुलाला लवकर मिळाली पाहिजे, कारण विचार करायला कोणती तरी भाषा लागतेच.

पूर्ण बहिरेपणापेक्षा फसवे असते ते अर्धवट ऐकू येणे. बोलण्यातील स्वर तुलनेने मोठे आणि खालच्या पट्टीचे असतात. स, श, फ यांसारखी व्यंजने हलकी आणि उंच पट्टीची असतात. ज्या मुलाला केवळ उंच पट्टीचे ऐकू येत नाही, ते हाक मारली की वळून पाहते, पण अशी व्यंजने असलेल्या शब्दांत गोंधळते. ज्याचा कान वाहतो त्याला एखाद्या आठवड्यात नीट ऐकू येते, एखाद्या आठवड्यात येत नाही. मग शेरा मिळतो : ‘मनात असेल तेव्हाच ऐकतो.’

दुसरे उदाहरण डोळ्याचे. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारे अस्पष्ट चित्र हळूहळू बाजूला टाकतो. याला आळशी डोळा म्हणतात. मूल दुसऱ्या डोळ्याने सर्व व्यवहार करते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. लवकर कळले तर चष्मा देऊन आणि चांगला डोळा ठरावीक वेळ झाकून आळशी डोळ्याला कामाला लावता येते. सात-आठ वर्षांनंतर या उपायाचा गुण बराच कमी येतो. पहिलीत नाव घातल्यावर पाहू, असे म्हणणाऱ्याच्या हातून वेळ निसटलेली असते.

बालवाडीत याची चाहूल घेता येते. मुलाच्या पाठीमागे दोन-तीन हातांवर उभे राहून नेहमीच्या आवाजात, टाळी किंवा पाय न वाजवता, ‘चेंडू आण’ म्हणावे. चित्र पाहताना खेळाखेळात एकेक डोळा हाताने झाकावा. एक झाकला तर मूल स्वस्थ राहते आणि दुसरा झाकला की हात झटकते, असे वारंवार दिसले तर नोंद करावी. हे निदान नव्हे, शंका आहे. निदान डॉक्टरांनीच करायचे. यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत तपासणीस येतात आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धतीही जाहीर केली. पथक वर्षातून एक-दोनदा येते. मुलाला रोज पाहते ती सेविका. म्हणून तिची नोंद मोलाची.

तेच चार बदल, पुन्हा एकदा

मूल ओळखले, तपासले, पुढे काय? येथे कोसबादची यादी पुन्हा कामी येते.

जागा : ज्याला कमी ऐकू येते त्याला आपला चेहरा दिसला पाहिजे. आपण खिडकीकडे पाठ करून उभे राहिलो तर चेहऱ्यावर सावली पडते आणि ओठ दिसत नाहीत. आपण फक्त बाजू बदलायची. डोळ्यांनी अधू मुलासाठी सतरंजी, पाण्याचा माठ आणि चपलांची जागा रोज तीच ठेवावी.

वेळ : मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्या मुलाचे स्नायू ताठ आहेत, त्याला मणी ओवायला इतरांच्या चौपट वेळ लागतो. त्याला दहाऐवजी तीन मणी द्यावेत, पण ते त्यालाच ओवू द्यावेत. ज्याला लांबलचक सूचना पेलत नाहीत त्याला एका वेळी एकच सांगावे.

साधन : चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळली की तो सैल पकडीतही राहतो. ताटलीखाली ओले फडके ठेवले की ती सरकत नाही. डब्यात चिंचोके घालून तोंड बंद केले की न दिसणाऱ्या मुलाला खेळता येणारा, वाजत घरंगळणारा चेंडू होतो.

माणूस : गाण्याला हातवारे जोडले की न ऐकणारे मूलही गाण्यात येते. त्या हातवाऱ्यांनी इतर मुलांनाही शब्द पक्के लक्षात राहतात. सोबतीच्या मुलांना सांगून ठेवावे की मदत म्हणजे त्याचे काम आपण करणे नव्हे.

एक सावधगिरीही हवी. मुलाला नुसते कोपऱ्यात बसवून हजेरी लावणे म्हणजे समावेश नव्हे. ताठ स्नायूंना भौतिकोपचार लागतो, बहिऱ्या मुलाला खुणांची भाषा जाणणारे मोठे माणूस लागते. हे सगळे एकट्या सेविकेने करावे अशी अपेक्षा अन्यायाची आहे. आईबाप, आरोग्यसेवक, विशेष शिक्षक आणि शाळा या सर्वांचे हात लागले तरच हे जमते.

राहात्याचा ऊस आणि कोसबादचे कुरण

हे सर्व जुन्या ठाणे जिल्ह्यातले, आपल्याकडे त्याचे काय, असे वाटू नये म्हणून अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता तालुका उदाहरणाला घेऊ. सहकारी साखर कारखानदारीचा पाया जेथे घातला गेला ते लोणीजवळचे प्रवरानगर याच तालुक्यात, गणेशनगरचा कारखानाही येथलाच. साधारणपणे दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या परिसरात आणि फडांजवळ कोप्या उभ्या राहतात. नवराबायको दोघेही पहाटे फडात जातात. कोपीत उरतात ती पोरे, आणि तान्ह्याला सांभाळते सात-आठ वर्षांची बहीण.

हे चित्र कोसबादचेच नाही का? गुरांच्या जागी ऊस आला, एवढाच फरक. साखरशाळांनी या मुलांसाठी प्रयत्न केले, पण त्या मुख्यतः शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. तीन ते सहाच्या मुलाचे नाव असते गावाकडच्या अंगणवाडीत, आणि मूल असते कोपीत. त्यातून त्याचा कान वाहत असेल, तर गावाकडे कोणी घेतलेली नोंद येथे पोचत नाही. उन्हाळ्यात टोळी परत गेली की येथली नोंदही येथेच राहते. वर्षाचे सहा महिने असे दुभंगले की लवकर उपचाराची जी मुदत आपण वर पाहिली, ती दोन गावांच्या मध्ये संपून जाते.

यावर उपायही जुनेच आहेत. कोपीजवळच्या झाडाखाली भरणारी अंगणवाडी, बहीण शिकत असताना तान्ह्याला सांभाळणारे पाळणाघर, फडाच्या वेळेप्रमाणे लवकर उघडणारे दार आणि मुलाबरोबर प्रवास करणारा एक कागद. त्या कागदावर वजन, लसी आणि ‘पाठीमागून हाक मारली तर वळत नाही’ अशी एक ओळ असली तरी पुढच्या गावच्या सेविकेचे अर्धे काम होते.

शिक्षकांसाठी एक काम

आपल्या शाळेच्या परिसराचा एक साधा नकाशा विद्यार्थ्यांकडून काढून घ्या. वाड्या, वस्त्या, वीटभट्ट्या, कोप्या सर्व त्यात येऊ द्या. तीन ते सहा वर्षांची जी मुले कोठल्याच हजेरीपटात नाहीत, त्यांची घरे त्यावर टिंबांनी दाखवा. टिंब पुरे, मुलाचे नाव किंवा आजार फळ्यावर लिहू नये. मग सेविकेबरोबर बसून प्रत्येक टिंबासमोर कारण लिहा. अट एकच : त्या वाक्याचा कर्ता मूल किंवा त्याचे घर असता कामा नये. ‘मुलगी चालू शकत नाही’ असे न लिहिता ‘बालवाडीला तीन पायऱ्या आहेत’ असे लिहावे. ‘तो ऐकत नाही’ असे न लिहिता ‘त्याचा कान अजून आपण तपासलेला नाही’ असे लिहावे.

वाक्य असे लिहिले की पुढे काय करायचे ते त्यातच दिसते. पायऱ्यांना उतार करता येतो, कान तपासता येतो. यादी तयार झाली की ती ग्रामसभेपुढे आणि आरोग्य पथकापुढे ठेवा. पुढच्या वर्षी तोच नकाशा पुन्हा काढा आणि किती टिंबे कमी झाली ते मोजा.